किचनचा डिजिटल काटा: सात महिन्यांच्या वापरानंतर (पीठ नाही, कुत्र्याचं खाणं मोजून)

परवा काटा गेला. डिस्प्लेवर नुसत्या चार रेघा. नवे सेल घातले, काढून पुन्हा घातले, उपयोग शून्य. कंपनीला फोन लावला तर पलीकडची बाई विचारते, "सर, काट्यावर काय मोजत होता?" म्हटलं, कुत्र्याचं खाणं. तर म्हणे हे 'घरगुती वापरात' बसत नाही, वॉरंटी मिळणार नाही. अहो, कुत्रा घरातच राहतो की! तेव्हा सूर जरा कडू लागला तर समजून घ्या.

साधा पाच किलोचा काटा, ४४९ रुपये. घेतला आमच्या पैलवानासाठी. लॅब्रडॉर, सहा वर्षांचा, नसबंदी झालेला. शाहूपुरीत मित्राच्या गुळाच्या अडतीवर मोठ्या काट्यावर उभा केला, ३८ किलो भरला. हमाल म्हणाला, "मालक, ह्यो तर एक रवा आन् वर आठ किलो!" रवा म्हणजे गुळाची ३० किलोची ढेप, आणि डॉक्टरांना हवा होता तेवढाच. बरगड्या हलक्या हातानं चाचपल्या की लागल्या पाहिजेत म्हणे. पैलवानाच्या अंगात बोटं गादीत रुतावीत तशी रुतायची. थायरॉईडची तपासणी करून घेतली, ती नीट निघाली. म्हणजे दोष आमच्याच स्वयंपाकघरात.

३० किलोच्या हिशेबानं दिवसाला साधारण ९०० कॅलरी, खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत. आमच्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, म्हणून रोज २३० ग्रॅम.

आता या काट्याचं खरं दुखणं: ऑटो-ऑफ. दीड मिनिटात आपोआप बंद. वाडगं ठेवा, शून्य करा, पिशवीची गाठ सोडा, तोवर पैलवान पायात घुटमळणार, वळून बघाल तर डिस्प्ले काळा. पुन्हा चालू केलं की वाडग्यासकटच शून्य धरतो, आधी किती पडलं होतं ते गेलं. सात महिन्यांत याच्यावर मी जेवढं चिडलोय तेवढं एमएसईबीवरही चिडलो नसेन. शेवटी वाडग्याचं वजन, ४१२ ग्रॅम, भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

पहिल्या दोन महिन्यांत जेमतेम अर्धा किलो उतरला. काटाच खोटा म्हणून एक तारा देऊन मोकळा झालो होतो. ते शब्द मागे घेतो. बाटलीत लिटरभर पाणी भरून पाहिलं, बाटलीचं वजन वजा जाता बरोबर किलो. खोटं दुसरीकडंच होतं. या ऑटो-ऑफला कंटाळून आई सकाळचं खाणं खाद्यासोबत आलेल्या कपानं घालायची. तो '१०० ग्रॅम'चा कप मी तीनदा भरून मोजला: ११८, १३१, १२४. वर दुपारी एक भाकरी. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे २४० कॅलरी, दिवसाच्या कोट्याचा चौथा हिस्सा. रविवारी रश्श्यातलं हाडूक वेगळंच. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, त्यामुळं ते त्याच दिवशी बंद केलं.

"मुक्या जनावराला उपाशी मारतोस व्हय रं?" आई आठ दिवस बोलली नाही. मग तिलाच काटा शिकवला. आता चतकोर भाकरी स्वतः मोजते आणि तेवढं खाद्य वाडग्यातून काढते.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत ३१.४ किलोवर आला. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के उतरावं असं डॉक्टर सांगतात, आमचं त्याहून थोडं मंदच. पण रंकाळ्याची फेरी आता मध्ये न बसता होते. शेजारणीनं तिच्या बोक्यालाही असंच 'कडक' धरायचं ठरवलं होतं, तिला थांबवलं. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं. त्यांचं डॉक्टरांना विचारूनच.

महागडं 'वेट कंट्रोल' खाद्य घेऊ नका असं म्हणत नाही, पण आधी काटा घ्या. तीन तारे. एक ऑटो-ऑफचा कापला, एक त्या बाईंचा. दुसराही हाच मागवलाय, ३९९ ला मिळाला.