कंपनी गेल्यानंतर घेतलेली फोर्ड इकोस्पोर्ट : चौदा महिने, एकवीस हजार किलोमीटर

जुलै २०२४ मध्ये मी नाशिकमध्ये २०१९ची डिझेल इकोस्पोर्ट घेतली. टायटॅनियम प्लस मॉडेल, एकाच मालकाने वापरलेली, किंमत ६ लाख ४० हजार. त्या दिवशी मीटरवर ७८,४०० किलोमीटर होते, आज ९९,६०० आहेत. गाडी घेण्याआधी फोर्डच्या जुन्या गाड्यांविषयी मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का, हे मी बरंच शोधलं होतं. हाती फारसं लागलं नाही. म्हणून जे अनुभवलं ते सगळं लिहिते आहे.

माझं काम द्राक्षबागांचं. औषध फवारणी, खतं, छाटणीनंतरची पानदेठ तपासणी यासाठी दिंडोरी, निफाड, कळवण असं फिरणं असतं आणि महिन्यातून दोन-तीनदा सुरगाण्याकडे जाणं होतं. बागेपर्यंतचा शेवटचा किलोमीटर बहुतेक ठिकाणी मातीचाच. आधीची हॅचबॅक पावसाळ्यात खालून घासायची. २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि चढाला दम असलेलं डिझेल इंजिन, या दोन गोष्टी मला हव्याच होत्या. माझ्या पैशांत त्या देणारी आणि सहा एअरबॅग असणारी गाडी मला हीच दिसली.

घरातून विरोध झाला तो बाबांचा. "जी कंपनी आपल्या देशात टिकली नाही, तिची गाडी आपल्या दारात कशी टिकेल?" हा त्यांचा सरळ प्रश्न होता. आणि बाबा हे ऐकीव माहितीवर बोलत नव्हते. ते सातपूरच्या एमआयडीसीत टर्नर होते. १९९५ साली महिंद्र आणि फोर्ड एकत्र आले, तेव्हा फोर्डची एस्कॉर्ट ही गाडी इथे नाशिकलाच, महिंद्रच्या कारखान्यात जोडली जायची. कामावरून सुटल्यावर गेटाबाहेर रांगेने उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या एस्कॉर्ट बघत सायकलवरून घरी यायचो, असं ते आजही सांगतात. पुढे १९९८ मध्ये फोर्डने आपला हिस्सा ७२ टक्क्यांवर नेला, चेन्नईजवळ मरैमलाई नगरला स्वतःचा कारखाना उभा केला आणि १९९९ मध्ये तिथून आयकॉन ही गाडी आली. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, आधी नाशिक सोडून गेले, मग देश सोडून गेले.

खरं तर त्याच्याही आधी एकदा गेले होते. १९२६ मध्ये फोर्डने भारतात पहिली कंपनी काढली. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे सुटे भाग आणून गाड्या जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं आणि १९५०च्या दशकात ते काम थांबलं. दुसरी एक्झिट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. महिंद्रसोबत नवी भागीदारी करायचं २०१९ मध्ये ठरलं होतं, ते २०२०च्या अखेरीस मोडलं आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा आणि सुमारे चार हजार कामगारांवर परिणाम, हे आकडे कंपनीनेच दिले होते. साणंदचा गाड्यांचा कारखाना नंतर टाटांनी ७२५ कोटी ७० लाखांना घेतला. पुण्याकडच्या लोकांना हे नवीन नव्हतं. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली होती आणि तळेगावचा तो कारखाना आज ह्युंदाईकडे आहे.

आता गाडी कशी आहे ते सांगते.

दीड लिटरचं हे डिझेल इंजिन १०० पीएस ताकद आणि २०५ न्यूटन मीटर टॉर्क देतं. फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनसोबत मिळून फोर्डने डिझेल इंजिनांचं जे घराणं तयार केलं, त्यातलंच हे. कागदावरच्या आकड्यांपेक्षा मला भावली ती त्याची खालच्या आरपीएमवरची ओढ. वणीच्या पुढे चढ लागले, गाडीत चार माणसं आणि डिकीत फवारणीचं सामान असलं तरी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सहज चढते. स्टिअरिंगला वजन आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर शंभरच्या वेगात शेजारून ट्रक गेला तरी गाडी रेष सोडत नाही. हे मी माझ्या भावाच्या नव्या गाडीशी ताडून पाहिलं आहे आणि मला आजही माझी गाडी जास्त खात्रीची वाटते. खड्ड्यांत सस्पेन्शन थोडं कडक लागतं, पण गाडी लोंबकळत नाही. एसी मे महिन्यातल्या निफाडच्या उन्हात पाच मिनिटांत गार करतो.

मायलेज मी दर टाकीला वहीत लिहिते. गाव, शहर, घाट सगळं धरून लिटरला १८ च्या आसपास पडतं. नाशिक-मुंबई एका लयीत चालवली की २० च्या वर जाते. टाकी ५२ लिटरची आहे, त्यामुळे दोन आठवड्यांतून एकदा पंपावर गेलं की भागतं.

मागच्या सीटवर तीन मोठी माणसं दाटीनेच बसतात. मागचं दार वर न जाता आडवं उघडतं आणि त्यावर स्टेपनीचं वजन आहे, त्यामुळे गाडी भिंतीला चिकटून लावली की डिकीतलं काढता येत नाही. बाजार समितीच्या आवारात मी आता नेहमी मागे दोन हात जागा सोडूनच लावते.

पहिलं मोठं काम निघालं ते नोव्हेंबरात. हातगडचा चढ होता. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की काटा तीन हजारावर जाई, आवाज चढे आणि गाडी मात्र रेंगाळे. मग जळका वास आला. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबले आणि हलक्या पायाने उलट फिरून वणीपर्यंत आले. क्लच गेला होता. जवळजवळ ८४ हजारांवर गाडी आली होती आणि आधीच्या मालकाला हाफ क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय होती, हे त्यांनीच मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्यामुळे यात गाडीचा दोष मी धरत नाही.

दोष होता तो मी आधी ज्या गॅरेजला गेले तिथल्या निदानाचा. गिअरबॉक्स न उतरवताच त्यांनी सांगितलं, फ्लायव्हीलही (क्लच ज्यावर दाबून बसतो ती इंजिनाची जड चकती) गेलंय, ३८ हजार होतील, आणि कंपनी बंद झाल्यामुळे सामान कधी येईल ते सांगता येत नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रींकडे गाडी टोचन करून नेली. त्यांनी गिअरबॉक्स खाली घेतला आणि मला बोलावून दाखवलं. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत घासून गेलं होतं, रिव्हेटची पितळी डोकी चकाकत होती. फ्लायव्हीलवर कापड फिरवून त्यांनी टॉर्च मारला. निळसर डाग होते, तडा नव्हता. "ताई, हे चांगलं आहे, उगाच बदलू नका," म्हणाले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा पूर्ण संच मुंबईहून दोन दिवसांत आला, मूळ पुरवठादाराच्याच खोक्यात. मजुरीसह २१,५०० रुपये. त्यानंतर सोळा हजार किलोमीटर झाले, क्लचचं काही बोलणं नाही.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी जुनी फोर्ड घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन. कंपनी गाडीवर आपलं नाव लावते, पण क्लच, ब्रेक, इंजेक्टर, बेअरिंग, फिल्टर हे दुसरेच कारखाने बनवतात आणि ते बाजारात आहेत. अडतं ते बॉडीच्या सामानाला. मार्चमध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली लागून उजवा टेललॅम्प फुटला. काच, बंपर, लॅम्प या वस्तू फक्त त्या गाडीच्याच असतात. दुकानदाराने चार दिवस सांगितले, हातात पडायला एकोणीस दिवस लागले. उत्पादन बंद केल्यावरही सर्व्हिस आणि सुट्या भागांचा पुरवठा चालू ठेवू, असं फोर्डने २०२१ मध्ये सांगितलं होतं. सामानाची गोदामं दिल्ली, चेन्नई, मुंबई, साणंद आणि कोलकात्याला राहतील, हेही जाहीर केलं होतं. माझ्या वाट्याला जे आलं त्यावरून मी म्हणेन, सामान मिळतं, थोडा धीर लागतो.

या धीराच्या दिवसांत मी या कंपनीविषयी बरंच वाचलं. १९०३ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेल्या या कंपनीची ख्याती झाली ती १९०८च्या मॉडेल टीमुळे. किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आला आणि साडेबारा तासांचं चासीचं (गाडीच्या खालच्या सांगाड्याचं) काम दीड तासावर आलं. १९२५ पर्यंत किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली आणि १९२७ मध्ये मॉडेल बंद होईतो दीड कोटी गाड्या निघाल्या. मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते एकसारख्या भागांचं. एका गाडीचा भाग दुसरीला तंतोतंत बसायचा, म्हणून अमेरिकेतला शेतकरी आपल्या गोठ्याशेजारीच गाडी खोलून दुरुस्त करायचा. द्वारकेच्या मिस्त्रींना मुंबईहून खोकं मागवून माझी गाडी तिसऱ्या दिवशी उभी करता आली, त्याची मुळं तिथे आहेत असं मला मनापासून वाटतं.

याच कंपनीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७८ मध्ये मागच्या धडकेत इंधनाची टाकी फुटून आग लागण्याच्या धोक्यामुळे पिंटो मॉडेलच्या सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्या आधी बरीच वर्षं वाया गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने फोर्डवर १६ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा दंड ठरवला, कारण बिघडलेल्या मागच्या कॅमेऱ्यांसाठीचा रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणं, वेळेत झालं नाही. २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत कंपनीने तिथे ८८ रिकॉल काढले. त्याआधी कुठल्याही कंपनीचा पूर्ण वर्षाचा उच्चांक ७७ होता, तो जनरल मोटर्सचा, २०१४ सालचा. रिकॉल जास्त म्हणजे गाड्या वाईटच, असं मी म्हणणार नाही. दोष सापडल्यावर लपवण्यापेक्षा बोलावणं केव्हाही बरं. उशीर मात्र माफ करण्यासारखा नाही, कारण त्या काळात त्या गाडीत कुणाची तरी मुलंबाळं बसलेली असतात.

आपल्याकडेही सप्टेंबर २०१३ मध्ये फोर्डच्या फिगो आणि क्लासिक मिळून १ लाख ६६ हजारांहून जास्त गाड्या मागचा अॅक्सल आणि पॉवर स्टिअरिंगचा पाइप तपासायला बोलावल्या होत्या. आणि इकोस्पोर्टची एक गोष्ट तर थेट आपल्या लोकांच्या हातांशी जोडलेली आहे. २०१८ पासून अमेरिकेत विकली गेलेली इकोस्पोर्ट चेन्नईत तयार व्हायची. तिथल्या एक लिटरच्या इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात ऑइल पंप फिरवणारा पट्टा तेलात बुडलेला असतो. त्याचे दाते झिजून तेलाचा दाब जाऊ शकतो, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून १ लाख ३९ हजारांवर गाड्यांचा रिकॉल निघाला. भारतातही हे इंजिन काही इकोस्पोर्टमध्ये होतं.

म्हणून जुनी इकोस्पोर्ट घेणाऱ्याने आधी इंजिन कोणतं ते विचारावं. एक लिटर इकोबूस्ट असेल तर ऑइल वेळच्या वेळी आणि योग्य ग्रेडचंच बदलल्याची बिलं मागा, नाहीतर सोडून द्या. नोव्हेंबर २०१७ च्या आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक असेल तर त्यात ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून पालटून वापरणारा, गिअरबॉक्स आहे. त्याच जातीच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सवरून अमेरिकेत फिएस्टा आणि फोकसच्या मालकांनी कोर्टात जाऊन भरपाई मिळवली. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवून, गाडी थरथरते का ते पाहिल्याशिवाय ती घेऊ नका. नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आला. डिझेल मॅन्युअल या सगळ्यांत साधी, आणि मी ती का घेतली याचं हेच कारण.

डिझेललाही टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, आहे. माझ्या आधीच्या मालकाकडे बाकी सगळी बिलं होती, पण बेल्टचं नव्हतं, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन खोलायची वेळ येते. मी जानेवारीत बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकत्र बदलून घेतला, १५,८०० रुपये. टायर चारही नवे टाकले, सर्व्हिस दोन झाल्या, पुढचे ब्रेक पॅड एकदा. टेललॅम्पचा भाग विम्यातून गेला. क्लच, बेल्ट, टायर सगळं धरून चौदा महिन्यांत डिझेल सोडून सुमारे ८७ हजार खर्च आला. गाडी घेताना मी ८० हजार बाजूला ठेवले होते, तेव्हा हिशेब फार चुकला नाही.

रस्त्यात मात्र या गाडीने मला एकदाही उभं केलं नाही. हातगडलासुद्धा ती स्वतःच्या चाकांवर वणीला आली. ऑगस्टमध्ये सुरगाण्याहून परतताना रात्री साडेनऊला धो धो पाऊस होता, समोरचं दहा फूट दिसत नव्हतं, शेजारी बाबा होते. फरशीवरून पाणी वाहत होतं, म्हणून आम्ही पाऊण तास थांबलो, पाणी उतरल्यावर निघालो. दिंडोरी आल्यावर बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "एस्कॉर्टचं दारही असंच जड होतं."

पुढच्या आठवड्यात लाख किलोमीटर होतील. मिस्त्रींनी यादी दिली आहे : सस्पेन्शनचे बुश, अल्टरनेटरचा बेल्ट, गिअर ऑइल. डाव्या बाजूचा एक टेललॅम्प मी आत्ताच घेऊन कपाटावर ठेवला आहे.