किल्ल्याचा फोटो आणि कॉन्ट्रास्ट: स्लायडर की कर्व्ह?

हिवाळ्यात सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून तिथल्या किल्ल्याचा फोटो काढला, की धुक्यामुळे सगळं फिकट येणार हे ठरलेलं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, वाढवायलाच लागतो. कशाने, एवढाच प्रश्न.

स्लायडर झटपट. उजवीकडे ओढला की उजळ ते आणखी उजळ, गडद ते आणखी गडद. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा फोटो असेल तर पुढे जायची गरजच नाही.

धुक्याच्या फोटोत मात्र गोम अशी, की बहुतेक छटा मधल्या करड्यापेक्षा उजळ बाजूला दाटलेल्या असतात. स्लायडर सहसा मध्याभोवती ताणतो. परिणामी आकाश पांढरंफटक, आणि वालुकाश्माचा कडा जेमतेम हलतो.

कर्व्ह म्हणजे कुठली छटा किती उजळ किंवा गडद करायची ते ठरवणारी, बिंदू धरून वाकवता येणारी रेषा. तिच्यात ताण कुठे द्यायचा ते आपल्या हातात. हिस्टोग्राममध्ये (कुठल्या छटा किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात) कड्याच्या छटा जिथे आहेत, तिथली रेषा उभी करा. आकाशाच्या टोकाला एक बिंदू ठेवून ती आडवी होऊ द्या. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या निळ्या टाइल्स भिंतीपासून सुट्या दिसू लागतात. एक सांभाळायचं: आरजीबी (लाल, हिरवा, निळा एकत्र) कर्व्ह उभी केली की रंगही भडकतात. फोटोशॉपमध्ये कर्व्हच्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी (फक्त उजळपणा बदलणारा) केला की ते आटोक्यात येतं. शिवाय जेपेगमध्ये दर रंगाला 256च पातळ्या, त्यामुळे फार ताणलं की आकाशात पट्टे पडतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) त्या 16,384 असतात.

लँडस्केपसाठी माझं मत कर्व्हलाच. गिंप या फोटो एडिटरमध्ये ती फुकटही मिळते. ढगाळ दुपारच्या सपाट फोटोंना मात्र मी अजून स्लायडरच वापरतो, तोही बेताने.