पुण्यात घरामागे पर्गोला करायचाय? लाकूड, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम की बांबू

पर्गोला, म्हणजे खांबांवर आडव्या पट्ट्यांचा मांडव, करायचा ठरला की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, लाकडाचा करू का लोखंडाचा. मी पण तिथूनच सुरुवात केली होती. आता वारज्याच्या घरामागे दोनदा काम करून घेतल्यावर सांगते, खांब कशाचे ते नंतर बघा, आधी वर काय येणार ते ठरवा. नुसत्या पट्ट्या, हिरवी जाळी, वेल, का पाणी अडवणारी शीट. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, वळिवाचा वारा आणि नंतरचा चार महिन्यांचा पाऊस हे सगळं त्या वरच्या भागावर येतं, आणि खांबांची जाडी, खड्डे, खर्च, सगळं त्यावरूनच ठरतं.

तसं बघितलं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाहीच. परसातला दोडक्याचा नाहीतर वालाचा मांडव म्हणजे पर्गोलाच की. नारायणगाव-जुन्नरकडे द्राक्षाचे मांडव बघा, खांब कसे रोवलेत, तारा कशा ताणल्यात, वेलीचं वजन कुठे जातं, ते एकदा नीट बघून आलात तर दहा कॅटलॉग चाळण्यापेक्षा जास्त कळेल.

आता नुसत्या पट्ट्यांचं. फोटोत हे सगळ्यात सुंदर दिसतं, जमिनीवर सावलीच्या रेघा वगैरे. पण मे महिन्यात 13-14 तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य पुण्याच्या बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे उभ्या लावलेल्या पट्टीची सावली किती, तर तिच्या जाडीएवढी, इंचभर. ज्या महिन्यात सावली सगळ्यात जास्त पाहिजे त्याच महिन्यात दुपारी बारा ते दोन नुसत्या पट्ट्या फारसं काही करत नाहीत, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्यांचा उपयोग आहे तो कलत्या उन्हाला. परस पश्चिमेला असेल तर पट्ट्या दक्षिणोत्तर लावा आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर पट्टीच्या उंचीएवढंच ठेवा, म्हणजे चार इंच उंच पट्टी तर चार इंच मोकळं. मग ऊन 45 अंशांच्या खाली आलं की आत येत नाही, आणि मेमध्ये ते साधारण पावणेचारच्या पुढे होतं. संध्याकाळचा चहा बाहेर घ्यायचा एवढीच अपेक्षा असेल तर हे पुरतं. दुपारीही बसायचं असेल तर वर काहीतरी लागणारच.

हिरवी जाळी सगळ्यात स्वस्त. 50, 75, 90 टक्के सावलीची मिळते, बसायच्या जागेला 75 पुरे, 90 वाली टाकली की खाली कोंदट वाटतं. तीनेक वर्षांत उन्हाने विरते, धागे सुटायला लागतात, पण मला जाळीचं एक आवडतं की ती जूनच्या आत उतरवून घडी घालून ठेवता येते. ओली जाळी पानं-कचरा धरून खाली लोंबायला लागते, म्हणून उतरवाच. आणि ती पट्ट्यांवर नुसती तारेने बांधू नका, कडेने दोरी ओवून ताणून घ्या, नाहीतर पहिल्याच वळिवात फडफडून कडेला फाटते.

वेल मला स्वतःला सगळ्यात प्रिय, त्यामुळे याबद्दल मी थोडी एकतर्फी बोलेन. वेलीखालचा गारवा शीटखाली येत नाही, पानं हवा खेळू देतात आणि बाष्पही सोडतात. मधुमालती झपाट्याने वाढते, दोन पावसाळ्यांत मांडव भरून टाकते, पण जड होते आणि दर वर्षी छाटायला लागते. संक्रांतवेल जानेवारीत केशरी फुलांनी असा काही लगडतो की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात, तोही जडच. जुई हलकी, नाजूक, छोट्या पर्गोल्याला फार छान. कृष्णकमळ भरभर चढतं, त्यावर फुलपाखराचे सुरवंट येतात, घरात लहान मुलं असतील तर ते बघायला मजा येते, पण ज्यांना सुरवंट चालत नाहीत त्यांनी लावू नये. बोगनवेल काट्यांची, बसायच्या जागेवर नकोच. रोपं उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून आणली तर निवड भरपूर मिळते. एक मात्र लक्षात ठेवा, लोखंडी पाइप उन्हात चटका बसेल इतका तापतो आणि त्याला टेकलेला कोवळा शेंडा करपतो. आमच्या जुईचे पहिल्या उन्हाळ्यातले सगळे शेंडे असेच काळे पडले, मग आईने खांबांना आणि पट्ट्यांना काथ्या गुंडाळला तेव्हा कुठे वेल वर गेली.

पावसातही बसायचंय तर शीट. काच की पॉलिकार्बोनेट, म्हणजे आरपार उजेड येणारं कडक प्लास्टिक, हा प्रश्न येतोच. काचेचं वजन काढणं सोपं असतं, एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. डोक्यावर काच लावायची तर ती लॅमिनेटेडच पाहिजे, म्हणजे दोन काचा मधल्या थराने चिकटवलेली, नुसती टफन (तापवून कडक केलेली) काच फुटली की सगळे तुकडे खाली येतात, आणि टफन काच कधीकधी काहीही न लागता आपोआप फुटू शकते. सहा अधिक सहा मिलिमीटरची लॅमिनेटेड धरली तर 12 बाय 10 फुटाच्या पर्गोल्यावर सव्वातीनशे किलोच्या पुढे नुसती काच झाली. त्यात आपल्याकडची धूळ आणि कावळे-कबुतरं. रोज पुसायला माणूस नसेल तर नको.

पॉलिकार्बोनेट हलकं, 10 मिलिमीटरची पोकळ शीट चौरस मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास. पण ती लावायची पद्धत नीट पाहिजे. ही शीट उन्हात चांगलीच फुगते, तीन मीटर लांबीला हिवाळ्याच्या पहाटेपासून तापलेल्या दुपारपर्यंत सात-आठ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. स्क्रू घट्ट आवळला की तिथूनच तडा जातो, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं आणि वर रबर वॉशर. यूव्ही कोटिंगची, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या थराची, बाजू वर, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने, वरचं टोक टेपने बंद, आणि मीटरला निदान नऊ सेंटिमीटर उतार. हे चार मुद्दे कामाच्या दिवशी समोर उभं राहून बघा, कारण शीट उलटी लागली तर दिसायला काहीच फरक दिसत नाही आणि दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडून ठिसूळ होते. आणि शीटवर वेल चढवू नका, पानं कुजून चिखल होतो आणि तो काढायला वर चढता येत नाही.

आता खांबांकडे येऊ.

सागवान दिसायला, हाताला, सगळ्यात देखणं, त्याबद्दल वाद नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला घनफुटावर भाव होतो, आणि तिथे जाताना आपला सुतार बरोबर न्या. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही पण बाहेरचा पांढुरका भाग, सुतार ज्याला सॅप म्हणतात, त्याला लागते, आणि स्वस्त मालात तोच जास्त असतो. खांब मातीत गाडायचा नाही, लोखंडी बुटात जमिनीपासून वर उचलून बसवायचा. वरून चकाकणारं पॉलिश उन्हा-पावसात पापुद्रे धरतं, त्यापेक्षा आत मुरणारं तेल वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. हे तेलपाणी दर वर्षी करायची तयारी असेल तर सागवान घ्या. नसेल तर दोन-तीन वर्षांत ते करडं पडतं, मजबुती लगेच जात नाही पण ज्या रंगासाठी एवढे पैसे घातले तो रंग जातो.

बांबू स्वस्त आणि फार गोड दिसतो. बुरुड आळीत चौकशी करा, कोकणातला माणगा मिळाला तर तोच घ्या, तो जवळजवळ भरीव असतो. पण बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडमध्ये मुरवलेलाच पाहिजे, नाहीतर भुंगा लागून खाली पिवळी भुकटी पडायला लागते. भाड्याच्या घरात किंवा तीन-चार वर्षांपुरतं करायचं असेल तर बांबू उत्तम. वर शीट मात्र नाही.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण, त्याच्या पट्ट्या आत लोखंडी पाइप घालूनच चालतात, एकट्या लांब ठेवल्या तर मध्ये वाकतात. वजन पेलायचं काम त्याला देऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, पावडर कोटिंग चांगलं असेल तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. पण ते लोखंडाच्या तिपटीने लवचिक, त्यामुळे दोन खांबांत अंतर जास्त असेल तर मोठं सेक्शन, म्हणजे जास्त रुंद-उंच पाइप, लागतं आणि खर्च तिथे वाढतो. त्यातच उघडझाप होणाऱ्या पट्ट्यांचा प्रकार येतो, पाऊस आला की पट्ट्या मिटतात आणि पाणी कडेच्या पन्हळीतून खांबाच्या आतून खाली जातं. ऐपत असेल आणि रोज वापर होणार असेल तर हा सगळ्यात सोयीचा, फक्त पन्हळीत पानं अडकतात, शेजारी मोठं झाड असेल तर पावसाळ्यात आठवड्याला साफ करावी लागते.

राहिलं लोखंड, म्हणजे एमएस (माइल्ड स्टील) पाइप. पुण्यात बहुतेक घरांसाठी मी हेच सांगेन, कारण फॅब्रिकेटर प्रत्येक एरियात आहे, दुरुस्ती होते, आणि नंतर वर काय टाकायचं ते बदलता येतं. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, आणि ती पाइपच्या जाडीत. 12 बाय 10 फुटांचा पर्गोला धरा, नऊ फुटी चार खांब 75 बाय 75 मिलिमीटरचे, भोवतीचे बीम 100 बाय 50 चे, वर वेलीसाठी किंवा जाळीसाठी 50 बाय 25 च्या बारा पट्ट्या. खांब-बीम 3 मिलिमीटरचे आणि पट्ट्या 2 च्या असतील तर एकूण वजन अडीचशे किलोच्या जवळपास भरतं. तेच खांब-बीम 2 चे आणि पट्ट्या सव्वाच्या लावल्या तर 160 किलो. रंग दिल्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात! आमच्या पहिल्या वेळच्या फॅब्रिकेटरने "मॅडम, एवढी जाडी लागतच नाही, सगळीकडे हेच चालतं" असं सांगून पातळ पाइप लावला आणि खांब सरळ मातीत गाडून भोवती कॉंक्रीट ओतलं. तिसऱ्या पावसाळ्यात फरशीवर तांबूस ओघळ दिसायला लागले. मी खांबाच्या खालच्या वितभर भागात स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर तो आत गेला. वरचा सगळा खांब ठणठणीत आणि खाली, जिथे माती, पाणी आणि हवा तिन्ही भेटतात, तिथे पापड झालेला.

म्हणून दुसऱ्या वेळी हे असं केलं. काळी माती खणून मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर काही उभं केलं की ते दर वर्षी थोडं थोडं हलतं. दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल असे चार खड्डे, कॉंक्रीटमध्ये जे-बोल्ट (खाली J सारखे वाकवलेले बोल्ट) आधीच पुरलेले, कट्टा जमिनीच्या वर सहा इंच, आणि त्यावर बेस प्लेट, म्हणजे खांबाखालची लोखंडी पाटी. सात दिवस पाणी मारलं, मगच खांब उभे केले. पाइपची सगळी तोंडं टोपी वेल्ड करून बंद, वेल्डिंग घासून मग इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. नुसता रेड ऑक्साइड, म्हणजे नेहमीचा तांबडा प्रायमर, आणि त्यावर ऑइल पेंट मारला तर दोन वर्षांत परत घासत बसावं लागतं.

खड्डे एवढे कशाला असं वाटेल. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस 875, त्याच्या भाग 3 मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्याचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला 90 किलोच्या आसपास येतो, आणि 12 बाय 10 चं शीटचं छप्पर 11 चौरस मीटर, म्हणजे वाऱ्याने ते वर उचलायचं ठरवलं तर जोर टनाच्या घरात. पर्गोल्याचं स्वतःचं वजन अडीचशे किलो. बाकीचं धरून ठेवतं ते खालचं कॉंक्रीट, चार खड्ड्यांचं मिळून बाराशे किलो. नुसत्या पट्ट्या, जाळी किंवा विरळ वेल असेल तर वारा आरपार जातो आणि काळजी बरीच कमी होते.

गच्चीवर करणार असाल तर हा हिशोब फार महत्त्वाचा, कारण तिथे खड्डा नाही. आणि गच्चीच्या स्लॅबवर आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफ थर असतो, त्यात अँकर फास्टनरसाठी (खांब घट्ट धरणाऱ्या बोल्टसाठी) ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंगला भोक पडतं. माझ्या ताईकडे असंच झालं, पर्गोला छान उभा राहिला आणि जुलैत खालच्या बेडरूमच्या छताला ओल आली, एकाच कोपऱ्यात, बरोब्बर खांबाखाली. गच्चीवर खांब इमारतीच्या कॉलमच्या वरच यावेत, कोब्यावर वेगळे कट्टे बांधून, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून. शीटचा हट्ट गच्चीवर सोडाच. बंगल्यातही शीट टाकली की ती शेड धरली जाऊ शकते, त्यामुळे सोसायटी आणि पालिकेच्या परवानगीचं आपल्या आर्किटेक्टकडून आधीच विचारून घ्या.

काम दिवाळीनंतर काढा. एप्रिल-मेमध्ये फॅब्रिकेटर पावसाळी शेडच्या कामात बुडालेले असतात, जूनमध्ये रंग वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निवांत होतं, आणि मग जूनचा पहिला पाऊस झाला की वेल लावायची. कोटेशन घेताना "पर्गोला, एक नग" असं लिहिलेलं घेऊ नका. प्रत्येक पाइपचं सेक्शन, जाडी, एकूण किलो आणि प्रायमरचं नाव लिहून मागा, माल घरी येईल तेव्हा वजनकाट्याची पावती मागा, आणि पाइपच्या कापलेल्या तोंडाची जाडी कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्यासारख्या पट्टीने) रंग लागायच्या आधी मोजा.