कॉलही हिरवा, पुटही हिरवा: ऑप्शनच्या ‘खऱ्या किमती’चं सॉफ्टवेअर

वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी हातात आली, की देवगड-कणकवलीत शेअर बाजाराची ‘वर्कशॉप’ भरवणारे उगवतात. आमच्याकडे आला तो मूळचा इकडचाच, मुंबईहून परतलेला. मालवणीत बोलायचा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचा. आम्हा काही बागायतदारांना त्याने ऑप्शनची ‘खरी किंमत’ दाखवणारं सॉफ्टवेअर विकलं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीला शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क; त्यासाठी मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. त्याने दाखवलेलं सूत्र खोटं नव्हतं, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

सूत्र ब्लॅक-शोल्सचं, १९७३ सालचं. त्यावरच्या कामासाठी मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फिशर ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते. हे सगळं पडद्यावर फोटोंसकट दाखवलं. हे दोघे नोबेलवाले ज्यात भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट फंड पुढच्याच वर्षी बुडायला आला आणि बँकांना एकत्र येऊन सावरावा लागला, तो फोटो मात्र नव्हता.

सूत्रात पाच आकडे घालायचे असतात: शेअरचा भाव, स्ट्राइक (सौद्यात ठरलेला भाव), एक्स्पायरीला (मुदत संपायला) उरलेले दिवस, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअर पुढे किती हेलकावे खाणार. पहिले चार कुणालाही दिसतात. पाचवा भविष्यातला, तो धरूनच चालावं लागतं. बाजार बहुतेकदा उलटा हिशेब करतो: चालू प्रीमियमवरून व्होलॅटिलिटी काढतो, तिला इम्प्लाइड म्हणतात. ती पुन्हा सूत्रात घातली तर उत्तर चालू प्रीमियमच येणार. स्वस्त-महाग काही निघणारच नाही. वेगळं उत्तर हवं तर पाचवा आकडा वेगळा धरायचा. तो कुणी धरला आणि कशावरून, सगळं तिथे येऊन थांबतं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचव्या आकड्याचा रकानाच नव्हता. माझा चुलतभाऊ पतपेढीत हिशेबनीस. त्याने भर हॉलमध्ये विचारलं, “ह्यो आकडो खंयसून इलो?” उत्तर आलं, “दादा, मोहोर बघून बागेचा सौदा करतो ना आपण? तसा आमचा एआय मोहोर बघतो.” हॉल हसला आणि प्रश्न बुडाला.

नुकसान झाल्यावर भावाने फुकटच्या कॅल्क्युलेटरवर तेच आकडे घालून पाहिले. कसं चालायचं ते गोल आकड्यांत सांगतो. शेअर ५०० वर, स्ट्राइक ५४०, मुदत ३० दिवस, व्याज साडेसहा टक्के. व्होलॅटिलिटी ३० टक्के धरली तर कॉलची किंमत साधारण ५ रुपये. ४५ टक्के धरली तर १२. बाजारात प्रीमियम ५ आणि पडद्यावर ‘फेअर व्हॅल्यू १२’, हिरव्या रंगात, म्हणजे ‘स्वस्त आहे, घ्या’. आकडा फुगवला की कॉल आणि पुट दोन्हींच्या किमती चढतात, त्यामुळे एकाच शेअरचा कॉलही स्वस्त आणि पुटही स्वस्त दिसायचा. पाचवा आकडा वरून कुणीतरी फुगवतंय हे कळायला एवढी एक खूण पुरे होती.

त्याच सूत्रातून आणखी एक आकडा निघतो. वरच्या उदाहरणात ३० टक्क्यांच्या हिशेबाने तो कॉल एक्स्पायरीला शून्य होण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के येते. हा आकडा पडद्यावर कधीच यायचा नाही.

विकणाऱ्याचा फायदा काय? आमची डिमॅट खाती त्याच्याच मार्फत उघडलेली. आमच्या प्रत्येक सौद्याच्या दलालीत त्याचा वाटा होता. आम्ही कमावू की गमावू याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, बटण दाबलं जाणं महत्त्वाचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. हॉलमध्ये हा आकडा सांगितला असता तर निम्मे चहा पिऊन घरी गेले असते.

सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार केलीय. त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर ‘शैक्षणिक’ आहे, पावतीवर तसं छापलंय. छापलंय खरं, मागच्या बाजूला. पैसे घेऊन ‘हे घ्या, ते विका’ सांगणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर पाहता येतो. त्याचा तिथे नाही.

आता कुडाळकडून कळतंय की तो वॉरंट विकतोय, पुन्हा ‘मॉडेलप्रमाणे निम्म्या किमतीत’. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा, खुद्द कंपनीने दिलेला हक्क. वॉरंट वटवताना कंपनी नवे शेअर काढते, जुन्यांचा वाटा पातळ होतो. ऑप्शनचं साधं सूत्र हे धरत नाही. शिवाय लिस्टेड कंपनीच्या प्रेफरन्शियल (निवडक लोकांनाच द्यायच्या) वॉरंटमध्ये किमान २५ टक्के रक्कम आधी भरायची, उरलेली १८ महिन्यांत. नाही भरली तर आधीची जप्त. असे वॉरंट हॉलमध्ये बोर्ड लावून विकताही येत नाहीत. भागधारकांच्या ठरावाच्या नोटिशीत ते कुणाला द्यायचे त्यांची नावं असतात, आणि ती नोटीस एक्स्चेंजच्या साइटवर मिळते. कुडाळवाल्यांनी त्याच्याकडे आधी ती मागावी.