98 कप्प्यांचा प्रो-ट्रे आणि कोकोपीटची वीट: नववीच्या वर्गात वापरल्यावर

बी.एस्सी. कृषीनंतर बी.एड.ला आले. आंतरवासितेसाठी निफाड तालुक्यातली शाळा मिळाली आणि नववीच्या कृषीच्या तासिका माझ्याकडे आल्या. वर्गात 49 मुलं. त्यातल्या कितीतरी घरांतले टोमॅटोचे क्रेट हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उतरतात. अशा मुलांपुढे फळ्यावर 'बियांचे अंकुरण' लिहून आकृती काढायची मला लाज वाटली. मार्गदर्शक सरांना विचारलं आणि टोमॅटोची रोपं वाढवायला कृषी सेवा केंद्रातून सात प्रो-ट्रे (छोट्या कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे) अन् ते भरायला पाच किलोची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट आणली. ट्रे 18 रुपयांना एक, वीट 170 रुपयांना.

आधी विटेबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पिशवीवर 'धुतलेले' असं ठळक छापलं होतं. वीट भिजवल्यावर सुटलेलं पाणी चहासारखं तांबूस होतं, त्याचं काही नाही, ते तसंच असतं. पण कॉलेजातून मागून आणलेलं ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) पिळलेल्या पाण्यात धरलं तर आकडा 2.4. रोपांसाठी तो एकच्या खाली हवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते नीट निघालं नाही तर कोवळी मुळं करपतात. आम्ही तीनदा धुतलं तेव्हा 0.7 वर आलं. त्यात शनिवारची अख्खी सकाळ गेली आणि जून महिन्यात शाळेच्या टाकीतलं पाणी असं ओतताना जीव कासावीस झाला. पिशवीवरच्या शब्दावर विश्वास ठेवून थेट पेरलं असतं, तर मुलांनी 'मॅडमचं बी उगवलं नाही' एवढंच शिकून घेतलं असतं. तेव्हा मीटर नसेल तरी पेरणीआधी दोन-तीन पाणी काढाच.

ट्रे मात्र शिकवायला फार मोलाचा आहे. 98 कप्पे म्हणजे 14-14 च्या सात रांगा. मी सात-सात मुलांचे सात गट केले, गटाला एक ट्रे आणि प्रत्येक मुलाला एक रांग दिली. कडेला नावाची चिठ्ठी. गादीवाफ्यावर सगळ्यांनी मिळून बी टाकलं की कुणाचं कुठलं, ते कळत नाही. इथे चौदा कप्पे तुझे, म्हणजे तुझेच. एका मुलाच्या रांगेत पाचच उगवले. तो रडवेला झाला. मी त्याला काडीपेटीतली काडी दिली आणि रिकामे कप्पे उकरायला सांगितले. बी फुटलेलं होतं, पण वर न येता आतच वाकडं होऊन बसलेलं. त्याने बोटाचं पेरभर खोल दाबलं होतं. अर्धा ते एक सेंटिमीटर खोली म्हणजे नेमकी किती, ते त्या दिवशी सगळ्या वर्गाने वाकून वाकून पाहिलं. माझ्या पाठटाचणात त्यासाठी एक ओळ होती, प्रत्यक्षात पाऊण तास लागला आणि लागू दिला.

टक्केवारीही अशीच आली. प्रत्येकाने आपली उगवण चौदाने भागली, मग 686 कप्प्यांची बेरीज केली: 571, म्हणजे 83 टक्के. बियाण्याच्या पुडीवर किमान 70 छापलेलं असतं, ते मुलांनी स्वतःहून शोधून काढलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आबा पुडी फाडून लगेच फेकून देतात, आता ठेवायला सांगते."

एक चूक माझी. पेरून ट्रे एकावर एक रचले, वर तरट झाकलं, हे बरोबर होतं. पण पेरणी बुधवारी केली. टोमॅटो चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं वर काढतो, तेव्हाच तरट काढून उजेड दाखवायला हवा, आणि तो दिवस नेमका रविवारी आला, शाळा बंद. सोमवारी तरट काढलं तर मधल्या तीन ट्रेंमधली रोपं लांबट, पिवळट, एकमेकांवर कलंडलेली. सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांनी हे लक्षात ठेवा: टोमॅटो शुक्रवारी पेरा, म्हणजे सोमवारी-मंगळवारी उघडता येतं. मिरची आठवडाभर घेते, तिला वार बघावा लागत नाही. उघडल्यानंतर मात्र रोज झारीने पाणी हवं; सुट्टीच्या दिवशी आमच्या शाळेतले मामा घालायचे, त्यांच्यावाचून हे निभलंच नसतं.

ट्रेची जाडी हा दुसरा दोष. ओला भरलेला ट्रे चांगला जड होतो, मुलं कोपरा धरून उचलतात आणि पातळ प्लास्टिक कप्प्यांच्या रेघेवर चिरतं. सातातले तीन पहिल्याच खेपेला गेले. खालून पाटी धरून उचलायला शिकवल्यावर उरलेले चार टिकले. शेतकरी एका हंगामासाठी घेत असेल तर चालेल. शाळेसाठी दुप्पट पैसे मोजून जाडच घ्यावेत.

पंचविसाव्या दिवशी रोपं उपटली नाहीत, खालून बोटाने दाबली. पांढऱ्या मुळ्यांच्या जाळीसकट अख्खा गोळा हातात आला, तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. प्रत्येकाने आपापली रोपं ओल्या कागदात गुंडाळून घरी नेली. पाच रोपांवाल्या मुलाला शेजारणीने आपल्यातली चार दिली.

ट्रेला पाचपैकी चार, विटेला दोन. पुढच्या महिन्यात वांगी लावायची आहेत. कप्पे तेवढेच, 98. दुकानदाराला जाड ट्रे सांगून ठेवलेत आणि वीट दुसऱ्या कंपनीची.