टच पॅनल, दोनशिक्षकी शाळा आणि खडूची भुकटी: आठ महिन्यांनंतर

टच पॅनल म्हणजे बोटानं लिहायचा, टीव्हीसारखा फळा. आमचा 65 इंच, अँड्रॉइड, सोबत दोन पेनं. बाकीचं सगळं खोक्यावर छापलेलं असतं. काल सर्व्हिसवाल्याशी फोनवर वाजलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर रिव्ह्यू लिहिण्यातला माणूस मी नाही.

पॅनल ग्रामपंचायतीनं जूनमध्ये दिला. मी शिक्षणसेवक, पहिलंच वर्ष, मानधन 16,000. शाळेतल्या महागड्या वस्तूला हात लावताना डोक्यात एकच: बिघडली तर भरून कोण देणार? त्यामुळे दोन महिने पॅनलवर मोठ्या बाईंच्या घरची चादर आणि मी शेजारच्या फळ्यावर खडू घासतोय. चादर शेवटी पोरांनीच काढली, मधल्या सुट्टीत, मला न विचारता.

मग मात्र मजा आली. नेटला रेंज नाही, म्हणून बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड घरी स्कॅन करायचे, दीक्षा ह्या शिक्षणाच्या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर आणायचे. पण खरी कमाल सॅटेलाइट नकाशाची. एकदा छपरावर चढून हॉटस्पॉट लावला. चौथीला शिवाजी महाराज शिकवताना रायगड वरून दाखवला, तर पोरं म्हणाली, आता आमची वाडी दाखवा. स्वतःच्या घराचा पत्रा सापडल्यावर जो गलका झाला, त्यात इतिहासाचा तास गेला. जाऊ दे.

ऑक्टोबरात डाव्या कोपऱ्यात आपोआप रेघा उठायला लागल्या. "सर, ह्याला भूत लागलंय." सर्व्हिसवाला आला, चहा प्यायला, पाच मिनिटं बघून म्हणाला, टचचा बोर्ड गेलाय, 14,500 लागतील, वॉरंटीत बसत नाही. वर व्हिजिट चार्ज 850. माझ्या खिशातून.

दोन आठवडे पॅनल पुन्हा चादरीखाली. एका ढगाळ दुपारी लावून बघितला, तर एक पाकोळी चौकटीवर येऊन बसली आणि बरोबर तिच्या रेषेत फटाफट ठिपके उमटले. तेव्हा ट्यूब पेटली. ह्या पॅनलमध्ये काच टच ओळखतच नाही. चौकटीतून इन्फ्रारेड किरणांची जाळी जाते, ती जिथं अडते तिथं त्याला बोट वाटतं. डाव्या खाचेत नख फिरवलं, नख पांढरं. डावीकडेच माझा फळा! दोन महिने मीच झाडलेली भुकटी. दाढीचा कोरा ब्रश, 40 रुपये. पॅनल बंद करून खाच झाडली, भूत गेलं. ते आजतागायत आलं नाही.

त्यामुळे सोबतची पेनंही बिनकामाची, हे कळलं. कुल्फीच्या काडीनंही तितकंच चांगलं लिहिता येतं. हजेरीशेजारी आता काड्यांचा डबाच असतो. स्पीकर यथातथाच. लाइट गेली की सुरू व्हायला फार वेळ खातो, तेवढ्यात एक पाढा म्हणून होतो.

घेणाऱ्यांनी एवढंच करा: खडूचा फळा समोरच्या भिंतीला हलवा. आम्ही हलवला. डस्टर पोरं व्हरांड्यात जाऊन झटकतात. ब्रश पॅनलमागे खिळ्याला टांगलाय, सोमवारी एकाची पाळी.

काल फोन कशाला? वार्षिक देखभाल करार घ्या म्हणे. मी म्हटलं, आधी माझे 850 परत करा, बोर्ड ठणठणीत आहे. "सर, माणूस आला म्हणजे चार्ज लागतोच."

तीन तारे. 850 आले की चौथा देतो.