शॉर्टवेव्ह ऐकायला सुरुवात करायचीय: काट्याचा रेडिओ घ्यावा की आकड्यांचा?

भाच्याचा मेसेज आला, मामा शॉर्टवेव्ह (दूरदेशीची स्टेशनं लागतात तो रेडिओचा पट्टा) ऐकायचंय, यातला कुठला घेऊ, आणि खाली दोन फोटो. एक काट्याचा, म्हणजे काचेमागे लाल काटा सरकतो तो, आणि दुसरा आकडेवाला, डिस्प्ले, नंबरांची बटणं, एसएसबी (हॅम आणि विमानवाल्यांचं बोलणं ऐकायची सोय, पुढे सांगतो) वगैरे सगळं असलेला. एका आकडेवाल्याच्या किमतीत काट्याचे तीन-चार येतील. त्याला व्हॉइस मेसेज करायला बसलो तर तो नऊ मिनिटांचा झाला, मग म्हटलं नीट लिहूनच काढू, कारण हा प्रश्न मला आधीही दोघातिघांनी विचारलाय.

माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलेत, आधी काट्याचा, दीड वर्षाने आकडेवाला. मोजमापं विचारू नका, कुठला किती मायक्रोव्होल्टला किती ऐकतो ते मला ठाऊक नाही, रात्री जेवणं झाली की तास-दीड तास कान लावून बसतो, त्याच्या जोरावर बोलतोय.

काट्याच्या बाजूने आधी बोलतो, कारण मन अजून तिकडे जातं. तो हातात घेतला, चालू केला की झालं, मेनू नाही, मोड नाही. एका बोटाने बटण फिरवत अख्खा बँड दोन श्वासात पालथा घालता येतो आणि फिरवताना सगळं ऐकू येत राहतं, खरखर, मग कुणीतरी चिनीत बोलतंय, मग शिट्टी, मग कुराणपठण, मग परत खरखर. सेल घातले की कधी घातले ते विसरायला होतं. आवाज गोल, आणि माझी आई, जिला मोबाइलवर फोन उचलायला अजून दोनदा स्वाइप करावं लागतं, ती तो बिनधास्त वापरते.

शिवाय आजोबांचं प्रकरण आहेच. आमच्या गावच्या घरी मोठा व्हॉल्व्हचा सेट होता, तापायला मिनिटभर लागायचं, आणि आजोबांनी त्याच्या काचेवर रेडिओ सिलोनच्या जागी कुंकवाचं बोट लावून ठेवलेलं. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची बिनाका गीतमाला, काटा कुंकवावर आणून ठेवायचा एवढंच काम. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली ती नभोवाणीमंत्री केसकरांनी, आपलेच मराठी, आणि सगळा देश सिलोन लावून बसला. विविध भारती १९५७ साली आली तरी आमच्याकडचं कुंकू काही पुसलं नाही. तेव्हा काट्याचा रेडिओ म्हणजे माझ्यासाठी नुसता रेडिओ नाही हे मान्य.

पण ते कुंकू का चालायचं याचा विचार केला की गंमत कळते. स्टेशनं तगडी होती, भरपूर होती आणि वर्षानुवर्षं एका जागी बसलेली होती. काटा थोडा इकडेतिकडे गेला तरी काहीतरी लागायचंच. आता तसं नाही. रेडिओ नेदरलँड्स २०१२ ला गेला, रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीत शॉर्टवेव्ह सोडलं, बीबीसी हिंदी ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्हवरून गेली, त्या दिवशी तर घरातलं कोणीतरी गेल्यासारखं झालं. बीबीसी इंग्रजी आहे अजून, चीनवाले आहेत, रेडिओ रोमानिया आहे, उत्तर कोरियाचं व्हॉइस ऑफ कोरिया आहे (ते एकदा ऐकाच, बँडबाजा जोरदार असतो). पण आता स्टेशनांच्या मधे रिकामी जागा फार, आणि वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कुंकू लावायचं तरी कुठे?

तर मुद्द्यावर. माझा निकाल एका वैतागाने लागला. डिसेंबरातली रात्र, काट्यावर ३१ मीटर बँड (शॉर्टवेव्हचे असे पट्टे असतात, लहरीच्या लांबीवरून नावं पडलेली) चाळत होतो, अकराच्या सुमाराला एक बाई कुठल्याशा भाषेत बोलत होती जी मी जन्मात ऐकलेली नव्हती, मागे अ‍ॅकॉर्डियनसारखं काहीतरी, अगदी स्वच्छ. थंडी वाजत होती म्हणून स्वेटर आणायला आत गेलो, दोन मिनिटांत परत आलो तर बाई गायब. आता ती कुठे गेली? काटा सरकला म्हणावं तर सरकला असेलही, हे रेडिओ गरम-थंड झाले की थोडे सरकतात, नुसता अँटेनाजवळ हात नेला तरी सरकतात. कार्यक्रम संपला असेल. किंवा सिग्नलच बसला असेल, तेही होतं. मी एक वाजेपर्यंत ते बटण केसाएवढं इकडे केसाएवढं तिकडे करत बसलो, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. नाही मिळाली. आजतागायत ती बाई कुठल्या देशातून बोलत होती मला माहीत नाही.

आता हिशोब बघा. ३१ मीटरचा बँड साधारण ९,४०० ते ९,९०० किलोहर्ट्झ. स्टेशनं ५-५ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसतात, म्हणजे शंभर जागा. माझ्या काट्याच्या रेडिओवर हा बँड मोजून पाऊण सेंटिमीटर. पाऊण सेंटिमीटरात शंभर जागा, आणि त्यातली एक मला अंधारात चष्मा नसताना शोधायची. वर स्वस्तातल्या काट्याच्या रेडिओत आणखी एक भूत असतं, ते नवीन माणसाला कोणी सांगत नाही. रेडिओ कुठलंही स्टेशन आत एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणून मग ऐकवतो, ती इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते, म्हणून जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागेपासून त्याच्या दुप्पट, म्हणजे ९१० खाली परत एकदा ऐकू येतं. ११,९०० चं स्टेशन १०,९९० च्या आसपास. सुरुवातीला मला वाटायचं वा, केवढी स्टेशनं लागतात माझ्याकडे. निम्मी तीच होती.

आणि शॉर्टवेव्हवर तुमचा जास्त वेळ काही ऐकू न येण्यातच जातो, खरखरीतच. नवीन माणूस कंटाळून रेडिओ कपाटात टाकतो तो इथेच. कारण काही लागलं नाही की शंका तीन असतात: स्टेशन चालूच नाही, किंवा चालू आहे पण या वेळेला या बँडवर इथवर पोचत नाही, किंवा मीच चुकीच्या जागी आहे. काट्यावर या तिन्ही कायम गळ्यात पडलेल्या. आकडेवाल्यावर तिसरी शंका निघून जाते. ९,५८० दाबलं म्हणजे मी ९,५८० वर आहे, संपलं. मग खरखरीलासुद्धा अर्थ येतो. वेळापत्रकात स्टेशन आहे, मी त्या जागी आहे, आणि ऐकू येत नाही, म्हणजे आत्ता रस्ता बंद आहे. असं महिनाभर केलं की आपोआप कळायला लागतं, दिवसा १९ आणि १६ मीटर, अंधार पडला की हळूहळू ३१, ४१, ४९ कडे उतरायचं, हिवाळ्यात १९-१६ सारखे वरचे बँड लवकर झोपतात. पुस्तकात हे मी कितीदा वाचलं होतं, पण कानाला कळलं ते आकडे समोर आल्यावर.

मी रोज बसलो की आधी १०,००० दाबतो. तिथे चीनचं बीपीएम नावाचं वेळेचं स्टेशन सेकंदासेकंदाला टिक् टिक् करत असतं, ती टिकटिक स्पष्ट असेल तर पूर्वेकडचा रस्ता बरा आहे, सुतासारखी बारीक असेल तर आज फार आशा ठेवायची नाही. काट्यावरही टिकटिक सापडते, नाही असं नाही, आणि तिला मैलाचा दगड धरून पुढे मोजत जाणारे जुने लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार, माझ्यात तेवढा संयम नाही.

आता आकडेवाल्याची गाऱ्हाणी, नाहीतर म्हणाल मामाला कमिशन आहे. पहिलं म्हणजे बटण फिरवताना बऱ्याच डीएसपीवाल्या (सिग्नल चिपमधे आकड्यांत बदलून ऐकवणाऱ्या) रेडिओत आवाज तुटतो, प्रत्येक पायरीला एक क्षण चूप, मग टुक्, मग चूप. काट्यावरचं ते वाहतं ऐकणं इथे नाही, जिना मोजत चढल्यासारखं वाटतं. दुसरं, अगदी बारीक सिग्नल आला की काही रेडिओ आपणहून आवाज दाबतात, त्यांना वाटतं खरखर नको असेल याला. अरे बाबा, तीच तर ऐकायला बसलोय. तिसरं, ऑटो स्कॅन. तो लावला की नवशिक्याला आनंद होतो, चाळीस स्टेशनं सापडली, आणि एकेक लावून बघितलं की त्यातली तीस घरातल्याच चार्जरची, एलईडी बल्बची, सेट-टॉप बॉक्सची घरघर असते. स्कॅन विसरा, वेळापत्रक बघून नंबर दाबा. वेळापत्रकं यूटीसीत (जगाची सामाईक वेळ) असतात, आपले साडेपाच तास वजा करायचे, रात्रीचे आठ म्हणजे १४३०, चार दिवसांत सवय होते. आणि सेल, किंवा बॅटरी जी काय असेल ती, काट्यापेक्षा जास्त खातो हे खरंय.

घरघर मात्र दोघांनाही सारखीच छळते, हे किमतीवर नाही, घरावर आहे. आमच्या आरसीसी फ्लॅटमधे हॉलच्या मधोमध दोन्ही रेडिओ मुके. खिडकीशी आणा, चार्जरवर न चालवता सेलवर चालवा, आणि आठ-दहा मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडून चिमट्याने अँटेनाला लावा, याहून स्वस्त सुधारणा नाही. (पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की वायर आधी काढून आत घ्या.) पूर्वी गुरुवारी लाइट गेली की मी चिडायचो, आता रात्री लाइट गेली की बायको मेणबत्ती शोधते आणि मी रेडिओ. सगळ्या बिल्डिंगीचे राउटर आणि बल्ब एकदम गप्प झालेले असतात, तेव्हा काय ऐकू येतं ते एकदा अनुभवाच. पहिल्या अशा रात्री मी काट्यावर होतो आणि दहा-बारा स्टेशनं ओळीने लागली, आणि वहीत लिहायला गेलो तर काय लिहू, “नऊच्या जरा पुढे”? रिसेप्शन रिपोर्ट पाठवून स्टेशनकडून क्यूएसएल कार्ड (तुम्ही ऐकलंत याची पोचपावती) मागवायचं असेल तर त्यात फ्रिक्वेन्सी लागते, “जरा पुढे” चालत नाही.

एसएसबीबद्दल थोडक्यात, कारण भाच्याच्या फोटोतल्या काट्यावाल्यात ते नाही. सकाळी ७,००० ते ७,२०० मधे हॅमवाले (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे) गप्पा मारत असतात, कोणाची अँटेना पडली, कोणाकडे पाऊस, मजा असते, पण काट्यावर ते बदकांचं संमेलन वाटतं. एसएसबी लावून, तिथे एलएसबी (एसएसबीच्या दोन बाजू असतात, एलएसबी आणि यूएसबी), बटण हळूच फिरवलं की बदकाचा माणूस होतो. तसंच ६,६७६ वर यूएसबी लावलं तर विमानांसाठीचं हवामान सांगतात, मुंबईचंही त्यात येतं. कोणाला यात काय रस असं वाटेल, मलाही वाटायचं.

आणि कोणीतरी विचारणारच की रेडिओ घ्यायचाच कशाला, इंटरनेटवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून फिरवायचा रिसीव्हर) आहे, फुकट ऐका की. ऐका, मीही ऐकतो. पण ते दुसऱ्याच्या गच्चीवरून बघितल्यासारखं आहे. एक उपयोग मात्र जबरदस्त, आपल्याकडे काही येत नसेल तर अशा कुठल्यातरी दूरच्या रिसीव्हरवर तीच फ्रिक्वेन्सी टाकून बघायची, तिथे येत असेल तर स्टेशन चालू आहे, म्हणजे वरच्या तीनातली पहिली शंकाही मिटली. अर्थात त्यासाठी आधी आकडा माहीत हवा.

तर भाच्याला मी काय लिहिलं. पैशाची अडचण असेल, किंवा आजी-आजोबांसाठी घ्यायचा असेल, किंवा नुसतं फिरवत बसायला आवडत असेल तर काट्याचा घे, वाईट नाही, मी शिकलो त्याच्यावरच. पण तुला खरंच शिकायचं असेल तर, माझं मत हं, चार महिने थांब, पैसे साठव आणि आकडेवाला घे, त्यातही नंबर थेट दाबता येणारी बटणं बघ, फिरवायचं गोल बटण बघ आणि बाहेरच्या अँटेनाला भोक आहे का बघ, बाकी मेमरी हजार आहेत की तीन हजार याला काही अर्थ नाही. माझा काट्याचा आता गावाला आईकडे असतो. तिने काचेवर टिकली चिकटवलीय, मिडीयम वेव्हला.

हे अर्धवट लिहून ठेवलं होतं तोवर भाच्याने चार महिने वगैरे न थांबता मित्राकडून उसने घेऊन आकडेवाला मागवलासुद्धा. परवा सकाळी मेसेज आला: “मामा, दहा हजारवर टिकटिक आली!” आणि लगेच खाली दुसरा, “गेली. आईने मिक्सर लावला.”